गंगापूर रोडचा गोजू-ऱ्यू कराटे क्लास: मेडल हवं असेल तर नको, कराटे हवं असेल तर डोळे झाकून

पोरीला इथे घातलं आणि नंतर मी पण मोठ्यांच्या बॅचला जायला लागलो, त्यामुळे पालक आणि विद्यार्थी दोन्ही बाजूंनी लिहितोय. नाशिकमध्ये कराटे क्लासेस ढीगभर आहेत, सोसायटीच्या पार्किंगपासून शाळेच्या ग्राउंडपर्यंत सगळीकडे पांढरे ड्रेस दिसतात, पण कराटे जिथलं त्या जपानच्या ओकिनावा बेटावरची जुनी पद्धत (इथली शैली गोजू-ऱ्यू) धरून ठेवलेला आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते अंगाकडून करून घेत शिकवणारा क्लास मला तरी दुसरा सापडला नाही.

हॉल एकदम साधा. भिंतीवर ड्रॅगन-वाघ काही नाही, समोर दोनच फोटो, हिगाओन्ना कानऱ्यो आणि त्यांचे शिष्य, ही शैली सुरू करणारे मियागी चोजुन, आणि बाजूला एक गोल चिन्ह ज्यात तीन थेंबांसारखे आकार एकमेकांच्या मागे फिरतायत. बरेच पालक ते यिन-यांग समजतात, पण ते ऱ्युक्यूच्या, म्हणजे जुन्या ओकिनावाच्या, राजघराण्याचं चिन्ह आहे, ओकिनावा आधी वेगळं राज्य होतं आणि १८७९ मध्ये जपानने ते खालसा केलं, तरी तिथल्या कितीतरी शाळा आजही ते चिन्ह लावतात. शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला कराटे शोधलं ही यूट्यूबवरची गोष्ट सर सांगतच नाहीत, ते सांगतात की मात्सुमुरा सोकोनसारखे जुने मास्तर राजाचे अंगरक्षक होते. मला हे फार आवडलं, पोरांना खरं सांगतात.

क्लासचा जीव म्हणजे सांचिन काता (काता म्हणजे एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम). बघायला काहीच नाही, उड्या नाहीत की हाय किक नाही, पंजे थोडे आत वळवलेले, कोपरं बरगडीजवळ धरून, पोट घट्ट, आणि पोटातून आवाज काढत श्वास घ्यायचा-सोडायचा, एक एक पाऊल पुढे. सर मागून येऊन खांद्यावर, पाठीवर, मांडीवर थापा मारून बघतात की आपण कुठे ढिले पडलोय, आणि मन जरा भरकटलं की तीच जागा हलते, लपवताच येत नाही. लहान मुलांना अशा थापा मारत नाहीत, काळजी नको. सांचिनच्या जोडीला तेन्शो करून घेतात, ती मियागींनी स्वतः बसवलेली, उघड्या तळव्यांची, गोल गोल वळणारी. दोन्ही लागोपाठ केल्या की या शैलीत कठीण आणि मऊ दोन्ही श्वासातच आहेत असं जे म्हणतात ते भाषण न ऐकताच कळतं. मजा म्हणजे या शैलीला नावच नव्हतं, १९३० मध्ये मियागींचे शिष्य शिनझातो जिनान यांना टोकियोत डेमोनंतर कुणीतरी शैलीचं नाव विचारलं आणि मग मियागींनी बुबिशी नावाच्या जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळीवरून गोजू-ऱ्यू, म्हणजे कठीण-मऊ शैली, हे नाव ठरवलं.

कोपऱ्यात सिमेंटचे चिशी ठेवलेत, दांड्याला एकाच टोकाला वजन, आपल्या तालमीतल्या मुद्गलाचा धाकटा भाऊच म्हणा, मनगट आणि पकड तयार होते. आणि तालमीत मातीला हात लावून कपाळाला लावतात तसंच इथे आत येताना-जाताना वाकायचं, आमच्या पंचवटीतल्या आजोबांना हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पहिला हल्ला आपण करायचा नाही, हे फुनाकोशी गिचिन यांचं वचन, ते शैलीने वेगळे पण ओकिनावाचेच. इथे ते पाठ करून घेत नाहीत, गेकिसाई ही काता शिकवताना पहिली हालचाल अडवण्याचीच का आहे ते मुलांनाच विचारतात. माझी पोरगी शाळेत पटकन हात उचलायची, आता आधी एक पाऊल मागे घेते, हे तिच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं.

आता अडचणी. बेल्ट लवकर मिळत नाही. सर म्हणतात बेल्टची पद्धत मुळात जुदोवाल्या कानो जिगोरो यांची, कराटेत ती नंतर आली, त्यामुळे तीन महिन्याला नवा रंग असं इथे होत नाही आणि काही पालक त्यावरूनच मुलं काढून घेतात, मला ते चुकीचं वाटतं पण ज्याचं त्याला. टूर्नामेंटची खास तयारी करून घेत नाहीत. सुरुवातीला फाइट जवळजवळ नाहीच, टीनेजर पोरं कंटाळू शकतात. पार्किंगचा त्रास आहे, टू-व्हीलरच न्या. बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सरांना सांगा, सांचिनमध्ये अंग जोरात आवळून श्वास घ्यायचा असतो, सर तसा वेगळा सराव देतात.

फी बाकी क्लासेसएवढीच. शिकवायला सिनियर मुली पण असतात, छोटी मुलं त्यांना ताई म्हणतात आणि त्या खरंच ताईसारख्याच ओरडतात. आधी नुसतं बसून बघू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. बघायला जाणार असाल तर संध्याकाळच्या मोठ्यांच्या बॅचला जा, सांचिन नीट बघायला तिथेच मिळते.