सागाच्या लागवडीसाठी जेडाय की आइससॅट-२?

विदर्भातील सागाच्या लागवडींची उंची आणि घनता अभ्यासण्यासाठी अवकाशातील लेसरची कोणती विदा (डेटा) घ्यावी, असा पेच नागपुरातील एका संशोधक विद्यार्थिनीला पडला आहे. खर्चाचा प्रश्न नाही. नासाच्या जेडाय आणि आइससॅट-२ या दोन्ही मोहिमांची विदा विनामूल्य मिळते.

खरा फरक मोजणीच्या पद्धतीत आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील जेडाय (GEDI) हे लेसर उपकरण जमिनीवरील सुमारे २५ मीटर व्यासाच्या वर्तुळातून परतलेल्या प्रकाशाची संपूर्ण तरंगाकृती, म्हणजे त्याच्या तीव्रतेतील चढउतार, नोंदवते, त्यामुळे शेंड्याच्या उंचीबरोबरच कोणत्या थरात किती पर्णसंभार आहे हेही कळते. मात्र स्थाननिश्चितीत सुमारे १० मीटरची चूक राहू शकत असल्याने लागवडीच्या कडेची वर्तुळे वगळलेलीच बरी. आइससॅट-२ (ICESat-2) हा उपग्रह हिरव्या प्रकाशाचे एकेक फोटॉन (प्रकाशकण) मोजतो आणि मार्गावर दर ७० सेंटिमीटरला लेसरचा एक स्पंद पाठवतो. नोंदी सलग मिळतात, पण दिवसा सूर्यप्रकाशाचा गोंधळ मिसळतो, म्हणून रात्रीच्या सबळ (जास्त ऊर्जेच्या) लेसर किरणांच्याच नोंदी निवडाव्या लागतात आणि मेहनत वाढते.

उन्हाळ्यातील निष्पर्ण साग दोन्हींना फसवतो, तर पावसाळ्यात ढग आड येतात. पावसाळा सरल्यानंतरचे महिने उत्तम.

पर्णसंभाराची उभी रचना किंवा जैवभार (झाडांचे एकूण वजन) हवा असल्यास जेडाय घ्यावे. मार्गावरील उंचीचा सलग छेद हवा असल्यास, किंवा जेडाय बंद असलेल्या मार्च २०२३ ते एप्रिल २०२४ या काळातील नोंदी लागत असल्यास, आइससॅट-२ घ्यावा. झाडागणिक मोजणीसाठी मात्र टेप घेऊन लागवडीतच उतरावे लागेल.