रिमच्या मागे कोरलेला आकडा

अलॉय रिम आणि टायर एकत्र बदलायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. मला जे कळलं ते दोन टायर फुकट गेल्यावर कळलं.

माझ्या गाडीला मूळचे टायर १८५/६५ आर १५, रिम ६ इंच रुंद, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते ठरवणारा आकडा) ४५. टायर झिजले तेव्हा त्यांच्यासोबत रिमही बदलू असं ठरवलं. दुकानदाराला दोनच गोष्टी बजावून सांगितल्या. चाक कुठेही घासता कामा नये आणि ऑफसेट मूळचाच हवा. तो म्हणाला, "साहेब, खोक्यावर बघा ना, ४५च आहे." खोक्यावर खरोखरच ४५ लिहिलेलं स्टिकर होतं. मी ते वाचलं आणि निर्धास्त झालो. रिम उलटून बघितला नाही.

टायर त्याने २१५/६० आर १६ सुचवले. "एकच इंच तर वाढतोय, आरामात बसतील." हे वाक्य कुणी ऐकवलं तर तिथेच थांबा. इंच वाढतो तो रिमचा, पूर्ण चाकाचा हिशेब वेगळा असतो. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. ती वर एकदा आणि खाली एकदा धरायची, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिमी मिळवायचे. झाले ६६४ मिमी. माझं जुनं चाक याच हिशेबाने ६२१ मिमीच्या जरा वर. म्हणजे नवं चाक तब्बल ४३ मिमी उंच, जवळजवळ ७ टक्के. त्यामुळे वेगाचा काटाही चुकतो, गाडी तो दाखवतो त्याहून जोरात पळत असते. १६ इंची रिमवर १९५/५५ घातले असते तर व्यास ६२१च्या आसपास, जवळपास मूळचाच राहिला असता. पण ते त्याच्याकडे नव्हते आणि २१५/६०चे चार कधीपासून पडून होते. हे नंतर भांडणात त्याच्याच तोंडून निघालं.

बसवल्यावर त्याने गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने गरागरा फिरवून दाखवलं. "बघा, कुठे लागतंय?" कुठेच लागत नव्हतं, कारण जॅकवर चाक खाली लोंबकळतं, स्प्रिंग सैल पडलेली असते आणि चाकाच्या वर भरपूर जागा दिसते. खरी तपासणी गाडी जमिनीवर असताना होते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायचं, मागे माणसं बसवायची, एखाद्या गतिरोधकावरून न्यायची. तेव्हा मी एकटाच गाडी चालवत घरी आलो, आणि सगळं ठीक वाटलं.

चौथ्या दिवशी आईबाबा मागे बसले, डिकीत सामान होतं. पहिल्याच खड्ड्यात मागून करकर आवाज आला आणि रबर जळल्याचा वास. उतरून पाहिलं तर मडगार्डच्या कडेने टायरचा खांदा सोललेला. आई घाबरली होती. त्या क्षणी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

दुकानदाराचं पहिलं उत्तर, "नवीन रबर आहे, आपोआप जागा करून घेईल." दुसऱ्या खेपेला म्हणाला, स्पेसर टाकतो. स्पेसर म्हणजे रिमच्या मागे घालायची चकती, ती चाकाला आणखी बाहेर ढकलते. जे चाक आधीच बाहेरच्या कडेला घासतंय त्याला स्पेसर म्हणजे जखमेवर मीठच. तिसऱ्या खेपेला, खोका उघडलेला माल परत होत नाही.

मग दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने चाक काढून उलटं ठेवलं आणि रिमच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. धातूतच कोरलेलं होतं, ७ जे, ईटी ३५, म्हणजे ७ इंच रुंद, ऑफसेट ३५. स्टिकर खोटं होतं. ऑफसेट म्हणजे रिम हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) जिथे टेकतो ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी दूर आहे ते. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. ४५चा ३५ झाल्याने चाक १० मिमी बाहेर आलंच, शिवाय रिम ६ऐवजी ७ इंच रुंद. दोन्ही मिळून रिमची बाहेरची कड जवळपास २३ मिमी पुढे आली. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. रिमचं मधलं छिद्र ७३.१ मिमी, माझा हब ५४.१. मधली पोकळी भरणारी रिंग घातलीच नव्हती. वेगात स्टिअरिंग थरथरत होतं ते कशाने, ते तेव्हा उमगलं.

मागच्या दोन्ही टायरांच्या सोललेल्या जागी आतले धागे दिसत होते. तिथे पॅच चालत नाही, टायर टाकूनच द्यावे लागले.

भरपाई मागायला गेलो तर बिलावर फक्त "अलॉय सेट १, टायर ४ नग." आकार नाही, ऑफसेट नाही. माझ्या हातात पुरावाच नव्हता. तुम्ही रिमचा व्यास, रुंदी, ऑफसेट, बोल्टांचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास) आणि टायरचा पूर्ण आकार बिलावर लिहून घ्या. लिहायला कुणी कुरकुर केली तर तिथून सरळ निघा.

सध्या गाडी जुन्याच रिमवर, १८५/६५ टायरांवर धावतेय. ते चार अलॉय कोपऱ्यात आहेत. प्रत्येकावर बाहेरच्या बाजूने खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, ७ जे, ऑफसेट ३५. कुणी विकत मागितले तर आधी तो आकडा दाखवणार आहे, मग त्याची गाडी कुठली ते विचारणार.