विद्यार्थी सूक्ष्मदर्शी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राथमिक प्रात्यक्षिकांसाठी घेतलेला हा एकनेत्री सूक्ष्मदर्शी मी काही महिने जवळपास रोज वापरत आहे. यात 4, 10, 40 आणि 100 पटींची वस्तुभिंगे (नमुन्याजवळची भिंगे) आणि 10 पटींची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) आहे, म्हणजे कमाल वर्धन 1000 पट. खोक्यावर मात्र 2500 पट असे ठळक छापलेले आहे, ते सोबत दिलेल्या 25 पटींच्या नेत्रिकेच्या जोरावर. ती नेत्रिका खोक्यातच पडून आहे, कारण 100 पटींच्या भिंगाचे न्यूमरिकल अॅपर्चर (प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचे माप) 1.25 असल्याने साधारण पाव मायक्रोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू ते वेगळे दाखवू शकत नाही. त्यापुढे वर्धन वाढवले की फक्त धूसरपणा मोठा होतो.

पैसे वसूल झाले ते कंडेन्सरमुळे, म्हणजे काचपट्टीखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगामुळे. तो वर-खाली होतो आणि त्याला आयरिस डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी झडप आहे. स्वस्त उपकरणांत त्याजागी बहुधा नुसती छिद्रांची फिरती चकती असते. पाण्याच्या थेंबातील यीस्टच्या रंगहीन पेशी डायफ्रॅम बराच मिटल्यावरच उठून दिसतात, तर ग्रॅम अभिरंजनाची (जीवाणू जांभळे किंवा गुलाबी रंगवून ओळखण्याच्या पद्धतीची) काचपट्टी तेलाखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून 100 पटींच्या भिंगाने पाहताना कंडेन्सर पूर्ण वर आणि डायफ्रॅम उघडा लागतो. असे जुळवल्यावर ई. कोलाय या जीवाणूचे सुमारे 2 मायक्रोमीटर लांबीचे गुलाबी दंड स्पष्ट दिसतात. बॅसिलस जीवाणूच्या जांभळ्या दंडांत तर रंग न घेतलेला, लंबगोल, चकचकीत बीजाणूही (पेशीत तयार होणारे टिकाऊ सुप्त रूप) ओळखू येतो. त्याच काचपट्टीवर मधूनच काही दंड गुलाबी दिसले, तर भिंगाला दोष देऊ नये. जुन्या संवर्धनातील (वाढवून ठेवलेल्या जीवाणूंतील) काही पेशी जांभळा रंग धरून ठेवत नाहीत.

तक्रारी दोन आहेत. काचपट्टी सरकवणारा स्क्रू अलीकडे सैल झाला असून, तेलाखाली दृश्यक्षेत्र आपोआप सरकते. सलग पेशी मोजायच्या असतील तर हे फार त्रासदायक ठरते. दुसरी तक्रार 40 पटींच्या भिंगाबद्दल आहे. ते कोरडे वापरायचे असूनही काचपट्टीच्या इतके जवळ येते की, तेल लावल्यानंतर भिंगचक्र उलटे फिरवले तर तेल त्याला लागतेच. म्हणून 40 पटींच्या भिंगापर्यंतचे सारे निरीक्षण आधी उरकून घ्यावे, मगच तेलाचा थेंब टाकावा, आणि काम संपताच 100 पटींचे भिंग लेन्स पेपरने टिपून घ्यावे. एलईडीचा प्रकाश पुरेसा आणि स्थिर आहे.