पॅकेट ट्रेसर की जीएनएस३?

नेटवर्किंगचा सराव संगणकावरच करायची ही दोन सॉफ्टवेअर. पैसे दोन्हींना पडत नाहीत. पण जीएनएस३ मध्ये आयओएसची, म्हणजे सिस्कोच्या राउटरवर चालणाऱ्या प्रणालीची, इमेज फाइल आपली आपण आणावी लागते आणि ती सिस्कोच्या परवान्याशिवाय वापरता येत नाही. खरी मेख तिथंच आहे. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या शिकवणीच्या साइटवरच्या, म्हणजे नेटअ‍ॅकॅडच्या, खात्यावरून उतरवला की झालं.

स्विचिंगचा सराव? पॅकेट ट्रेसरच्या २९६० या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी), एसटीपी (लूप टाळणारा प्रोटोकॉल) व्यवस्थित होतं. जीएनएस३ मधला डायनामिप्स, म्हणजे सिस्को राउटरची नक्कल करणारा एम्युलेटर, कॅटलिस्ट (सिस्कोचे स्विच) चालवतच नाही. ३७२५ राउटरला एनएम-१६ईएसडब्ल्यू हे स्विचिंगचं मॉड्यूल जोडून भागवायचं, आणि तिथं ‘शो व्हीलॅन’ऐवजी ‘शो व्हीलॅन-स्विच’ द्यायचं. राउटर सुरू करताच सीपीयू १०० टक्क्यांवर गेला, तर आयडल-पीसी (राउटर रिकामा असताना सीपीयूला विसावा देणारी किंमत) ठरवायचा राहिलाय.

उलट पॅकेट ट्रेसर बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलच्या बऱ्याच कमांड घेतच नाही.

सीसीएनए ही सिस्कोची सुरुवातीची परीक्षा करणाऱ्यांना, साध्या लॅपटॉपवर, पॅकेट ट्रेसर पुरे. तिच्या पुढच्या सीसीएनपीसाठी, रॅम भरपूर असेल तर, जीएनएस३.