ओपनहॅब आणि जावास्क्रिप्ट: वर्षभर स्वतः लिहिलेल्या नियमांवर घर चालवल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, मी प्रोग्रामर नाही. सीएच्या ऑफिसात काम करते, एक्सेलचे फॉर्म्युले आणि थोडेफार मॅक्रो एवढीच पुंजी, त्यामुळे ओपनहॅबचा, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हा रिव्ह्यू त्या नजरेनं वाचा. घर इंदूरला, लोकमान्य नगरात. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी, खाली हौद, वर टाकी आणि नर्मदेचं पाणी दिवसाआड. इंदूरकरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते की हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंप करत आणलेलं असतं, येण्याची वेळ मागेपुढे होते, आणि आलं की हौद भरतोय तोवर मोटर लावून वर चढवायचं. हे सगळं काम बाबांच्या म्हणजे सासऱ्यांच्या अंगावर होतं, पहाटे उठून नळाला कान लावून बसायचे.

आधी एक स्मार्ट प्लग होता, त्याच्या ॲपमध्ये अमुक वाजता चालू, तमुक वाजता बंद एवढंच जमायचं. पाणीच घड्याळ बघून येत नाही तर त्या टायमरचा उपयोग काय? शिवाय ते नियम कंपनीच्या सर्व्हरवर, घरातलं नेट गेलं की नियमही गेले. म्हणून रास्पबेरी पाय ४ या छोट्याशा कॉम्प्युटरवर (पुढे नुसता 'पाय' म्हणते) ओपनहॅब टाकलं. हे जावावर चालणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, काई क्रॉयत्सर यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं, आणि सगळं घरातल्या घरात चालतं. नियम लिहायला बरेच पर्याय आहेत. ठोकळे जोडायचं ब्लॉकली आहे, त्यांची स्वतःची रूल्स डीएसएल ही भाषा आहे, जावास्क्रिप्ट आहे, रुबी आहे. मी सुरुवात ब्लॉकलीवर केली, आणि त्यात जोडलेल्या ठोकळ्यांचा कोड बघायची सोय आहे, तो जावास्क्रिप्टच असतो, तो वाचत वाचत हळूहळू फाइलमध्ये लिहायला लागले. फाइल सेव्ह केली की नियम आपोआप नव्याने लोड होतो, रीस्टार्ट लागत नाही, हे मला फार आवडलं.

आता मुख्य नियम. हौदाची पातळी गेल्या दहा मिनिटांत ठरावीक टक्के वर गेली म्हणजे पाणी आलं असं धरायचं. जुनी पातळी पर्सिस्टन्समधून, म्हणजे जुने आकडे साठवायच्या सोयीतून मिळते, त्यातला आरआरडीफॉरजे हा डेटाबेस दर मिनिटाला आकडा साठवत असतो. मग मोटर लावायची, पण टाकी ८० टक्क्यांच्या खाली असेल, हौद २० च्या वर असेल आणि घर इन्व्हर्टरवर नसेल तरच. टाकी ९५ ला पोचली किंवा हौद खाली आला की बंद. कागदावर पाच-सात ओळी. प्रत्यक्षात फाइल बरीच लांब झालीय, आणि मोटर लावायचा भाग त्यात अगदी थोडा आहे, बाकी सगळं "सेन्सर गप्प बसला तर काय" याचंच आहे.

हे जरा सविस्तर सांगते, कारण कुठल्याही व्हिडिओत हे नीट सांगत नाहीत. टाकीवर अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा) सेन्सर आहे, तो वायफायवरून एमक्यूटीटीने, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या पद्धतीने, पातळी पाठवतो. सेन्सर बंद पडला तर ओपनहॅबमध्ये शेवटचा आकडा तसाच राहतो, म्हणजे ६० असेल तर ६०च, टाकी वाहून गल्लीत पाणी गेलं तरी ६०च. यावर उपाय म्हणजे एक्सपायर ही सोय. त्या आयटमला (ओपनहॅबमध्ये प्रत्येक सेन्सर-स्विचच्या नोंदीला आयटम म्हणतात) पाच मिनिटं लावली की तेवढ्या वेळात नवीन आकडा आला नाही तर त्याची स्टेट अनडेफ, म्हणजे 'माहीत नाही', होते. छान. पण स्क्रिप्टमध्ये न्यूमेरिकस्टेट, म्हणजे स्टेटचा आकडा मागितला की अनडेफच्या जागी नल (null, रिकामी किंमत) मिळतो, आणि जावास्क्रिप्ट तुलना करताना नलला शून्य समजते! म्हणजे "टाकी ८० पेक्षा कमी आहे का" याला उत्तर हो, मोटर चालू. आणि "टाकी ९५ किंवा जास्त आहे का" याला उत्तर नाही, म्हणजे मोटर बंद होणारच नाही. गंमत बघा, न्यूमेरिकस्टेटऐवजी साधी स्टेट घेतली तर तो अनडेफ हा मजकूर असतो, त्याची ८० शी तुलना केली की उत्तर नाही येतं आणि मोटर सुरूच होत नाही. एकाच आयटमची एकच अवस्था, आणि कुठल्या नावाने विचारलं यावर मोटर लागायची की नाही ते ठरतं. मी हे मोटर जोडायच्या आधी खोट्या आयटमवर करून बघितलं होतं, तुम्हीही बघा. माझ्या प्रत्येक अटीच्या आधी आता "हा खरंच आकडा आहे का" ही ओळ असते, नसेल तर मोटर बंद आणि मोबाईलवर मेसेज.

आणखी एक, हे वॉटरप्रूफ सेन्सर साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं नीट मोजत नाहीत, म्हणून तो टाकीच्या तोंडाशी न लावता थोडा उंच उचलून बसवावा लागतो. नाहीतर टाकी भरत आल्यावरच आकडे वेडेवाकडे येतात, नेमके जेव्हा हवे असतात तेव्हा.

स्क्रिप्टवर सगळा भरवसा मात्र ठेवू नका. पाय हँग झाला तर बंद करायची कमांड देणार कोण? मोटर चालू-बंद करणाऱ्या रिलेमध्ये टॅस्मोटा हे सॉफ्टवेअर आहे, त्यात पल्सटाइम (किती वेळाने आपोआप बंद व्हायचं ते) १९०० ठेवलाय. १११ च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, म्हणजे १८०० सेकंद, अर्धा तास. काहीही झालं तरी अर्ध्या तासाने रिले स्वतःच बंद होतो, जास्त पाणी चढवायचं असेल तर स्क्रिप्ट सगळं परत तपासून पुन्हा लावते. पॉवरऑनस्टेट ० आहे, त्यामुळे लाईट जाऊन आली की मोटर बंदच राहते, मूळ सेटिंगमध्ये ती आधीच्या अवस्थेत परत जाते. आणि मोटरची कमांड एमक्यूटीटीवर रिटेन (जपून) करून ठेवायची नाही, नाहीतर रिले परत जोडला गेला की ब्रोकर, म्हणजे निरोप पोचवणारा मधला सर्व्हर, जुनी कमांड त्याला पुन्हा देतो.

घरच्यांचं म्हणाल तर आईंचा म्हणजे सासूबाईंचा पहिला प्रश्नच असा होता, "अगं, मोटर बंद झाली ती टाकी भरली म्हणून, की लाईट गेली म्हणून?" प्रश्न अगदी बरोबर. त्यावरून स्क्रिप्टमध्ये एक कारणाचा आयटम टाकला, प्रत्येक वेळी मोटर बंद करताना त्यात मराठीत कारण लिहिलं जातं, "टाकी भरली", "हौद खाली", "सेन्सर गप्प", आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या टॅबवर ते दिसतं. (आरआरडीफॉरजे फक्त आकडे ठेवतं, मजकुरासाठी मॅपडीबी हा दुसरा डेटाबेस वेगळा लावावा लागला.) माझ्या मते या एका गोष्टीमुळे घरात हे टिकलं. बाबा अजून पहाटे उठतातच, पण आता टॅब बघून पुन्हा झोपतात.

बाबांनी भिंतीवरच्या बटणाने मोटर लावली तर स्क्रिप्ट मध्ये पडत नाही, फक्त हौद कोरडा पडत असेल तर थांबवते. हे जमतं कारण बटणाने आलेला बदल हा नुसता अपडेट असतो आणि स्क्रिप्टने केलेली ती कमांड, दोन्ही वेगळे ओळखता येतात. "पाहुणे" नावाचा एक खोटा स्विच आहे, तो लावला की ८० ची अट निघते आणि टाकी काठोकाठ भरते. रंगपंचमीला गेरमधून (इंदूरची रंग उडवत निघणारी मिरवणूक) रंगून आलेली चार घरची मंडळी आमच्याच बाथरूमवर तुटून पडतात, तेव्हा तो लागतो. तुळशीपाशी एक दिवा आहे तो सूर्याच्या वेळा काढणाऱ्या ॲस्ट्रो या जोडणीने सूर्यास्ताला लागतो, इंदूरचे अक्षांश-रेखांश दिले की झालं, डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सातनंतर, हात लावावा लागत नाही. बाकी पंखे-दिव्यांचे नियम किरकोळ आहेत.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पाय रीस्टार्ट झाला की स्क्रिप्ट उठायला वेळ घेतात, म्हणून माझे नियम स्टार्टलेव्हल १०० झाल्याशिवाय, म्हणजे ओपनहॅब पूर्ण सुरू झाल्याशिवाय, मोटरला हात लावत नाहीत. शोधून मिळणारी बरीच उदाहरणं जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या जुन्या नॅशहॉर्न इंजिनच्या काळातली असतात, ते इंजिन जावा १५ पासून जावामधून काढलंय, ती उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. ओपनहॅब ५ ला जावा २१ आणि ६४ बिट सिस्टिम लागते, जुन्या मेमरी कार्डावरची सिस्टिम ३२ बिटची असेल तर नव्याने मांडणी करायची तयारी ठेवा. मराठीत काही शिकायला मिळणार नाही, इंग्रजी वाचावंच लागतं.

दोन दिवे आणि एक पंखा असेल तर यात पडू नका, ॲप पुरे. पाणी, मोटर, इन्व्हर्टर असा गुंता असेल तर जरूर करा, पण मोटर थेट छोट्या रिलेवर न टाकता इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टर (मोटरचा जास्त करंट झेलणारा मोठा रिले) लावून घ्या, आणि शेजारी ऑटो-मॅन्युअलचा फिरवायचा स्विच. मॅन्युअलवर टाकला की पाय, वायफाय, स्क्रिप्ट सगळं बाजूला, मोटर पूर्वीसारखी बटणावर. मी गावाला गेले की आई तो फिरवून ठेवतात, माझी हरकत नाही.