व्हेकेशन बॅच की घरचा ओटा?

नववीचा शेवटचा पेपर झाला की धुळ्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, कूलरची घरघर आणि क्लासवाल्यांचे फोन. दहावीच्या आधीची सुट्टी बॅचला द्यायची की घरीच काढायची, हे विचारणारे बरेच जण भेटतात, कारण आमच्याकडे दोन्ही करून झालंय. मुलगी चार वर्षांपूर्वी बॅचला गेली, मुलगा दोन वर्षांपूर्वी घरी राहिला. दोन पोरं सारखी नसतात, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच धरा.

बॅचचं आधी सांगतो, कारण तिच्यात खोट काढणं सोपं नाही. सकाळी सात ते दहा, दीड महिना. दोन चलांतली समीकरणं, वर्गसमीकरणं आणि भूमितीतली समरूपता, एवढं जूनच्या आत उरकलं होतं. शाळा उघडली तेव्हा वर्गात नवं काही नव्हतंच तिला. मी एसटीत. ड्यूटी कधी पहाटेची, कधी मुक्कामाची. अशा घराला बॅच म्हणजे मोठी सोय. साडेचार हजार घेतले, ते काही डोळ्यांवर आले नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी टेस्ट ठेवली, तेव्हा मात्र घरात चिडचिड झाली. आत्या माहेरी आलेली, निंबाला झोका बांधलेला, आणि ही दप्तर घेऊन निघाली. तेही सोडून दिलं.

खटकलं ते वेगळंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "पप्पा, हे नुसतं मांडून द्या, सोडवते मी." गणित साधंच होतं. एका शेतकऱ्याने केळी आणि कापूस मिळून 12 एकर लावलं, कापसाचं क्षेत्र केळीच्या दुपटीपेक्षा 3 एकरने जास्त, तर प्रत्येकी किती? मी म्हटलं, तूच मांड. तिने मांडलं, भराभर सोडवलं. केळी 9, कापूस 3. बेरीज बरोबर 12, म्हणून तिची खात्रीच. पण सगळं उलटं झालं होतं. कापूस 9 हवा आणि केळी 3. दुप्पट कोणाची आणि जास्त कोण, हे त्या एका ओळीतून तिला वाचताच आलं नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, क्लासमध्ये उदाहरण सर मोठ्याने वाचायचे, "एक्स मानू" म्हणून समीकरणही तेच फळ्यावर लिहायचे, आणि पोरांनी तिथून पुढे सोडवायचं. दीड महिन्यात एकही शाब्दिक उदाहरण तिने स्वतः पहिल्या शब्दापासून वाचलेलं नव्हतं. सरांचा तरी काय दोष, पन्नास पोरांत वेळ कुठला!

ती गोष्ट डोक्यातून गेली नाही, म्हणून मुलाच्या वेळी बॅच लावली नाही. (बायकोचा विरोध होता, तो अजूनही पूर्ण मावळलेला नाही.)

घरी आम्ही फार काही केलं नाही. सकाळी साडेसहा ते आठ ओट्यावर. त्यानंतर मे महिन्यात धुळ्यात बाहेर बसवत नाहीच. दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. नववीची बहुपदी आणि गुणोत्तर-प्रमाण पुन्हा केलं, आठवीचे अवयव काढायला लावले, कारण वर्गसमीकरणात पोरं तिथेच अडकतात. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात, छापील पान मात्र समोर हवं. रोज दोनच शाब्दिक उदाहरणं. मोठ्याने वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आजीला अहिराणीत सांगायचं. आजी "माले नही समजनं" म्हणाली की परत वाचायचं. ती बरेचदा मुद्दाम म्हणायची, असा मला संशय आहे.

दुपारी वाचन. त्याला कादंबरी झेपेना, म्हणून 'किशोर' मासिकाचे जुने अंक, पेपरातलं धरणाच्या पाण्याचं आणि बाजारभावाचं पान. साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढत. तसं काही करायला सांगितलं, तर चार दिवसांत वही बंद पडली. माझी बाहेरगावची ड्यूटी लागली की ओटाही बंद पडायचा. सहा आठवड्यांत धड चारच भरले असतील. बॅचमध्ये हे होत नाही.

आणि मार्कांचं विचाराल, तर दहावीला गणिताच्या भाग 1 आणि भाग 2 मिळून मुलीलाच मुलापेक्षा चार मार्क जास्त पडले. हे लपवत नाही. ज्यांच्या घरी सकाळी कोणीच बसू शकत नाही, त्यांनी बॅच लावलेली बरी, असंही मला वाटतं.

तरी आज तिसरं पोर असतं तर मी ओटाच निवडला असता. मुलगा आता अकरावीच्या फिजिक्सची गणितं वाचून स्वतःच आकृती काढतो, चुकतो, परत वाचतो. मुलगी हुशार, पण बारावीपर्यंत कोणीतरी मांडून देण्याची वाट बघायची.

फी भरण्याआधी नववीच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण पोराला वाचायला द्या. सोडवायला सांगू नका, नुसतं काय दिलंय आणि काय विचारलंय ते सांगायला सांगा. घडाघडा सांगितलं तर खुशाल बॅच लावा. अडखळलं, तर माझे साडेचार हजार कुठे गेले ते तुमच्या लक्षात येईल.