भोसरीतल्या गॅरेजने एअर सस्पेन्शनचा खरा दोष शोधून दिला, पण एक स्टार कापलाय

माझ्याकडे 2003 ची मर्सिडीज एस-क्लास आहे, डब्ल्यू 220 मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण एअर सस्पेन्शनला (स्प्रिंगऐवजी हवेच्या दाबावर गाडी तोलणारी यंत्रणा) असतं आणि ते लाखात असतं. पावसाळ्यात सुरू झालं, सकाळी पार्किंगमध्ये बघावं तर पुढची डावी बाजू टायरवर टेकलेली, बायको म्हणाली म्हैस बसलीये. स्टार्ट केली की हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघर करत उचलायचा, मग डॅशवर 'व्हिजिट वर्कशॉप' यायला लागलं. गेलो एका मोठ्या वर्कशॉपला, त्यांनी स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत सांगितलं कॉम्प्रेसर आणि पुढचे दोन्ही स्ट्रट (चाकावरचे हवा भरलेले रबरी शॉकअप) बदला, पावणेतीन लाख. अहो गाडीच साडेचारला घेतलीये!

मग मित्राने भोसरीतल्या ह्या गॅरेजला पाठवलं. इथल्या दादांनी स्कॅनरला हातच नाही लावला, आधी मेजरिंग टेप काढली, चारही चाकांच्या सेंटरपासून फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत माप घेतलं आणि प्रत्येक फेंडरवर कागदी टेप चिकटवून त्यावर पेनाने आकडा लिहिला. कॉम्प्रेसरचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, काढून गाडी रात्रभर ठेवली, म्हणजे ती स्वतःहून हवा भरून आपल्याला फसवणार नाही. सकाळी तीन चाकं दोन-तीन मिलिमीटरच्या आत, पुढचं डावं 48 खाली. एकच कोपरा बसलाय म्हणजे बहुतेक स्ट्रट नाहीतर त्याची हवेची लाइन, असं म्हणून साबणाचं पाणी मारलं, पंक्चरवाला करतो तसं. रबराच्या घडीत काहीच नाही, पण वर जिथे पाइप स्ट्रटला जोडतो तिथे बारीक बारीक फेस. मी कौतुकाने डोकं फेंडरखाली घातलं तर असले ओरडले माझ्यावर, हवेची गाडी आहे, स्टँड लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही, कधीही बसते.

नवीन फिटिंग टाकलं, पाइपचं टोक कापून परत बसवलं. कॉम्प्रेसर बिचारा चांगलाच होता, गळती भरून काढायला सारखा चालून तापत होता, आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर तोही गेला असता. रिले मात्र बदलला, कारण तो चिकटला की गाडी बंद असतानाही कॉम्प्रेसर चालू राहतो.

स्पीडब्रेकरवरची खटखट मी स्ट्रटचीच धरून चाललो होतो. तर ती लोअर आर्मच्या (चाकाला धरणारा खालचा दांडा) बॉल जॉइंटची निघाली, पहारीने हलवून दाखवलं, चक्क खेळत होता. दोन्ही बाजूचे टाकले, अलाइनमेंट धरून सगळं साडेएकोणीस हजार. चार महिने झाले, गाडी बसलेली नाही.

स्टार कापला कारण दोन दिवस सांगून पाच लावले आणि फोन उचलत नाहीत, बिलही मागून घ्यावं लागलं. आणि गल्लीतला रस्ता म्हणजे नुसते खड्डे, तेव्हा आत शिरायच्या आधी गाडी उंच करायचं बटण दाबा, अर्थात तुमचं चालत असेल तर. माझं येताना चाललं.